सायकलचं दुकान कसं पारखावं आणि तिथे काम कसं करून घ्यावं

नवी सायकल घ्यायची ठरली की माणूस आधी फोटो बघतो, मग गिअर मोजतो, मग रंगावरून घरात वाद घालतो. सायकल ज्या दुकानातून घ्यायची त्याचा विचार सगळ्यात शेवटी, तोही घाईत. वास्तविक सायकल एकदाच घेतली जाते, पण ब्रेक, चेन, पंक्चर, चाकाचा आउट (म्हणजे फिरताना चाक डुलणं) आणि गिअरची कुरकुर यांच्यासाठी त्याच दुकानाची पायरी पुढे कितीतरी वेळा चढावी लागते. हा लेख त्या पायरीसाठी आहे. सायकलीतलं फारसं कळत नाही आणि दुकानात गेल्यावर काय विचारावं हेही सुचत नाही, अशा माणसाला डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

दुकान पारखायची माझी कसोटी साधी आहे. तुम्ही तोंड उघडल्यावर समोरचा माणूस सांगायला लागतो की विचारायला लागतो, ते बघायचं. खरेदी असो, दुरुस्ती असो वा तक्रार, जो नीट विचारतो तो बहुधा कामही नीट करतो.

१. आधी रिकाम्या हाताने जा

काहीही घ्यायचं नसताना एक चक्कर मारा, शक्यतो सुट्टीचा दिवस आणि संध्याकाळची गर्दी टाळून. गर्दीत उत्तम दुकानदारही तुटक बोलतो, त्यावरून मत बनवू नका.

मांडून ठेवलेल्या चकचकीत सायकलींपेक्षा दुरुस्ती चालते तो कोपरा बघा. दुरुस्तीला आलेल्या सायकलींना नाव, तारीख आणि तक्रार लिहिलेली चिठ्ठी बांधलेली आहे का? गिअर लावताना सायकल स्टँडला टांगतात की जमिनीवर उलटी करतात? पंक्चरसाठी उलटी केली तर फारसं बिघडत नाही, पण गिअर लावताना पेडल फिरवत शिफ्टर, म्हणजे हँडलवरचं गिअर बदलायचं बटण, पुन्हापुन्हा दाबून बघावा लागतो आणि उलट्या सायकलीचा शिफ्टर जमिनीला टेकलेला असतो. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना, वापरात दिसतो का? हँडल धरणाऱ्या स्टेमच्या बोल्टवर बहुतेकदा ५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. कार्बनचे भाग असतील तर हा आकडा पाळणं फार महत्त्वाचं, कारण ‘हाताच्या अंदाजाने’ आवळलेला बोल्ट ते भाग चिरडू शकतो.

भिंती काळ्या आहेत, सगळीकडे ग्रीसचे डाग आहेत, म्हणून नाक मुरडू नका. मी बघतो ते निराळंच. एखादं पोर जुनाट सायकल ढकलत पंक्चर काढायला येतं, तेव्हा त्याच्याशी दुकानातली माणसं कशी बोलतात? महागडी सायकल घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाशी सगळेच गोड बोलतात.

२. खरेदीच्या दिवशी: तुम्हाला काय विचारलं जातं ते ऐका

चांगला विक्रेता सायकल दाखवण्याआधी चार गोष्टी विचारेल. कुठे चालवणार, म्हणजे डांबरी रस्त्यावर, खडीवर की डोंगरात? रोज किती अंतर? सामान न्यायचं आहे का? आधी कधी चालवली होती आणि तेव्हा पाठ, मान, गुडघा यांपैकी काही दुखायचं का? याऐवजी त्याने थेट ‘ही बघा, एकवीस गिअरची’ अशी सुरुवात केली, तर तो दुकानातला पडून असलेला माल खपवतो आहे असं समजायला हरकत नाही. गिअर जास्त म्हणजे सायकल चांगली, हा समज विक्रेत्यांच्या सोयीचा आहे. पुढे एकच चक्र आणि मागे दहा-बारा गिअर असलेल्या कितीतरी उत्तम सायकली आहेत.

ही उत्तरं घरूनच ठरवून गेलात तर बरं. ‘सगळीकडेच चालवीन’ या उत्तरातून कुणालाच काही कळत नाही. बजेटही मोकळेपणाने सांगा, आणि त्यातच हेल्मेट, कुलूप, पंप, दिवे बसवायचे आहेत हेही सांगा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती साइजमध्ये. ‘सीट वर-खाली होते, साइज चालून जाईल’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. सीट वर-खाली होते हे खरं, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर मुळात फ्रेमच्या लांबीवर ठरतं आणि ते बदलायला फार वाव नसतो. फ्रेम मोठी असेल तर तुम्ही कायम पुढे ताणलेले राहाल. खांदे आणि मान लवकरच तक्रार करतील.

घरी एक माप घेऊन ठेवा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन्ही पायांच्या मधे एक जाडसर पुस्तक सीटसारखं वर दाबून धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. या मापाला ०.८८३ ने गुणलं की पेडलच्या एक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतच्या उंचीचा सुरुवातीचा अंदाज मिळतो. इथे एक्सल म्हणजे फ्रेमच्या तळाशी असतो तो, ज्याभोवती दोन्ही क्रँक, म्हणजे पेडल ज्यांना लावलेली असतात ते दांडे, फिरतात. अंदाजच तो, पुढे चालवून थोडं वर-खाली करावं लागतंच. पण हे माप तुम्ही सांगितल्यावर दुकानदार त्यात रस घेतो की हसून बाजूला सारतो, त्यावरूनही बरंच समजतं.

मग चालवून बघा. दुकानासमोर दहा पावलं चालवणं म्हणजे चालवणं नव्हे. दोन्ही ब्रेक लावून बघा, सगळे गिअर चढवून-उतरवून बघा, चढ असेल तर चढा. ओळखपत्र ठेवून घेतलं तर राग मानू नका, ती रास्त खबरदारी आहे. मात्र चालवूनच देत नसतील तर दुसरं दुकान बघा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बाई सायकल घ्यायला येते आणि दुकानदार सगळं सोबतच्या पुरुषाला समजावत बसतो, हा प्रकार सर्रास चालतो. त्याला स्पष्ट सांगा, ‘सायकल मी चालवणार आहे, माझ्याशी बोला.’ एकदा सांगून त्याला उमगलं तर उत्तम. नाही उमगलं तर दुरुस्तीच्या वेळी तो तुमची तक्रारही अशीच अर्धवट ऐकणार.

३. सायकल ताब्यात घेताना

सायकल कारखान्यातून खोक्यात, अर्धवट जोडलेली येते. उरलेली जोडणी दुकान करतं, त्यामुळे तिची सुरक्षितता बरीचशी दुकानाच्या हाती असते. ताबा घेताना घाई करू नका. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुफाटा, उलटा बसवलेला नाही ना, हे बघा. हसू येईल, पण घाईत जोडलेल्या सायकलींत ही चूक खरोखर आढळते. फोर्कची टोकं पुढे झुकलेली हवीत आणि पुढचा ब्रेक योग्य बाजूला हवा. हँडल घट्ट आहे का, चाकं ब्रेकला न घासता मोकळी फिरतात का, तेही तपासा.

चाक झटपट काढायचा खटका असेल तर तो कसा लावायचा हे दुकानदाराकडून शिकून घ्या आणि त्याच्यासमोर स्वतः लावून दाखवा. खटका मिटताना तळहातावर त्याचा वळ उमटेल इतका जोर लागायला हवा. तो नटासारखा गोल फिरवून आवळायचा नसतो, पण कित्येक जण वर्षानुवर्षं तसंच करतात.

डिस्क ब्रेक नवे असतील तर ते पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने लागत नाहीत. मध्यम वेगात येऊन, चाक न अडकवता, हळूहळू ब्रेक दाबत वेग कमी करायचा, असं दहा-वीस वेळा केलं की पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. हे न सांगता सायकल हातात देणारं दुकान आपलं काम अर्ध्यावर सोडतं.

बिलावर मॉडेल, साइज आणि फ्रेमचा नंबर लिहून घ्या. हा नंबर बहुतेक सायकलींवर पेडलच्या एक्सलखाली, फ्रेमच्या तळाशी कोरलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. चोरी झाली तर आणि वॉरंटीची वेळ आली तर हाच कामाला येतो. मोफत सर्व्हिस किती, कधीपर्यंत आणि तीत नेमकं काय करतात, हेही तिथेच विचारा. ‘या कधीही, बघू’ हे तोंडी आश्वासन दोन महिन्यांनी कुणाला आठवत नाही.

४. पहिली सर्व्हिस चुकवू नका

पहिल्या काही आठवड्यांत ब्रेक आणि गिअरच्या केबलची आवरणं आपापल्या जागी दाबली जातात, त्यामुळे केबल ढिली भासते आणि गिअर अडखळतात. स्पोकचा ताणही बसतो, चाक किंचित आउट होऊ शकतं. हा बिघाड नव्हे, दुकानदाराने फसवलं असंही नव्हे. त्यासाठीच पहिली सर्व्हिस असते. ती बहुधा मोफत असूनही लोक जात नाहीत आणि मग सहा महिन्यांनी वाकडं चाक घेऊन भांडायला जातात.

५. दुरुस्तीला देताना तक्रार कशी सांगावी

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

मेकॅनिककडे गेल्यावर आपण रोगाचं नाव सांगतो, लक्षणं सांगत नाही. ‘गिअर खराब झालाय, बदलून टाका’ असं सांगितलं तर दोनच शक्यता उरतात. तो तुमचं ऐकून भाग बदलेल आणि त्रास तसाच राहील, किंवा तुमचं न ऐकता स्वतःच शोधत बसेल. त्यापेक्षा एवढं सांगा: आवाज कसा आहे, कटकट की किरकिर की खरखर? पेडल मारतानाच येतो की नुसतं घरंगळतानाही? उभं राहून पेडल मारल्यावर थांबतो का? कुठल्या गिअरमध्ये? पावसात भिजल्यानंतर सुरू झाला की पडल्यानंतर?

एवढ्या उत्तरांनी अर्धं निदान होतं. पेडल थांबवूनही आवाज येत राहिला तर चाक, हब (चाकाचा मधला तुंबा), ब्रेक किंवा फ्रीव्हीलकडे (पेडल थांबल्यावरही चाक फिरू देणाऱ्या मागच्या भागाकडे) बघायचं. पेडल मारतानाच येत असेल तर चेन, पेडल, क्रँक किंवा एक्सल. सीटवरून उठल्यावर बंद होत असेल तर बऱ्याचदा सीट किंवा तिचा दांडा कोरडा पडलेला असतो, तिथे एक्सल बदलून काय उपयोग? सायकल उजव्या बाजूला पडली आणि त्यानंतर गिअर लागेनासे झाले, तर डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्या लहान पट्टीला लटकतो ती वाकलेली असण्याची शक्यता बरीच आहे. ती सरळ करायचं हत्यार वेगळं असतं. पडल्याचं लाजून सांगितलं नाही, तर मेकॅनिक उगाच केबल आवळत बसेल.

चाक आउट असेल तर कुठल्या बाजूला घासतं ते खडूने टायरवर खूण करून न्या. दोन गिअरमध्येच अडखळत असेल तर ते दोन गिअर सांगा. आणि सायकल धुऊन न्या, हे आवर्जून सांगतो. चिखलाने माखलेल्या सायकलीत चीर दिसत नाही, आणि तुमचा चिखल खरवडण्यात त्याचा वेळ जातो तो तुमच्याच बिलात येतो. फक्त डिस्क ब्रेक असतील तर धुताना किंवा चेनला तेल घालताना डिस्कवर तेल उडू देऊ नका. तेलकट झालेले पॅड पुष्कळदा टाकूनच द्यावे लागतात.

यानंतर तीन गोष्टी पक्क्या करा आणि त्या दुकानाच्या कार्डावर लिहून घ्या: काय करायचं ठरलं, अंदाजे खर्च किती, कधी मिळणार. शिवाय एक वाक्य जोडा, ‘याहून जास्त काही निघालं तर आधी फोन करा, आणि काढलेले जुने भाग मला परत हवेत.’ हे सौम्यपणे म्हटलं तर कुठल्याही सरळ दुकानदाराला खटकत नाही. जुने भाग बघितले की काय झिजलं होतं ते आपल्याही डोळ्यांना कळू लागतं.

६. ज्या एका बिलावरून हमखास भांडण होतं

चेन बदलायला दिली आणि कॅसेटचंही, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचंही, बिल आलं. नवखा माणूस म्हणतो, लुटलं. दुकानदार वैतागतो. बहुतेक वेळा दुकानदाराचं म्हणणं बरोबर असतं, पण त्याने ते आधी समजावून सांगितलेलं नसतं.

चेनच्या दोन पिनांमधलं अंतर नवेपणी बरोबर अर्धा इंच असतं. पिना आणि त्यांच्या भोवतालचे भाग झिजले की हे अंतर थोडंथोडं वाढतं. लोक म्हणतात चेन ताणली, प्रत्यक्षात ती झिजलेली असते. वाढलेल्या अंतराची चेन कॅसेटचे दातही आपल्या मापाने खाऊ लागते. मग नवी, अचूक मापाची चेन त्या खाल्लेल्या दातांवर नीट बसत नाही आणि जोर लावला की सटकते. त्यामुळे चेन वेळेवर बदलली तर कॅसेट वाचते, उशीर केला तर दोन्ही जातात.

हे तुम्ही साध्या पोलादी पट्टीने तपासू शकता. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनवर तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर येते. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ आली. एक अष्टमांश इंच पुढे असेल तर कॅसेटही बहुधा गेली. दुकानांत यासाठी ०.५ आणि ०.७५ असे झिजेच्या टक्क्यांचे आकडे असलेलं लहानसं मापक असतं. मागे अकरा किंवा जास्त गिअर असतील तर साधारण ०.५ टक्के झिजेवरच चेन बदलतात. तेव्हा ‘मापून दाखवाल का?’ असं विचारा. जो मेकॅनिक हातातलं काम थांबवून मापक लावून दाखवतो, त्याला सोडू नका.

दुसरं वादाचं ठिकाण हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकचं. शिमानो आणि एसरॅम या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपन्या. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, एसरॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट प्रकारचं द्रव. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरी सीलं खराब होतात. म्हणून ब्रेकचं काम देताना ‘यात कुठलं तेल घालणार?’ एवढं विचाराच. उत्तर चटकन यायला हवं. ‘तेल ते तेल’ असं उत्तर आलं तर सायकल घेऊन बाहेर पडा.

७. परत घेताना

दारातच तपासा. दोन्ही ब्रेक दाबा, चाकं उचलून फिरवा, एक फेरी मारा, ज्या दोन गिअरची तक्रार होती तेच गिअर लावा. काही राहिलं असेल तर तिथल्या तिथे सांगणं सोपं असतं, आठवड्याने सांगितलं तर ‘तुम्ही काहीतरी केलं असेल’ इथून सुरुवात होते. पेडल काढून-लावून घेतलं असेल तर त्यावर विशेष लक्ष ठेवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, नवशिक्या हाताने पेडल जोर लावून चुकीच्या दिशेने फिरवलं तर क्रँकचे आटे जातात आणि पुढे पेडल डुगडुगायला लागतं.

८. बाहेरून आणलेला माल

ऑनलाइन स्वस्त मिळालेला टायर किंवा डिरेलर दुकानात बसवून घ्यायचा असेल तर आधी विचारा आणि मजुरी विनातक्रार द्या. काही दुकानं नाही म्हणतात. त्यांचंही चूक नाही, कारण भाग जुळला नाही तर बोलणी त्यांनाच खावी लागतात. आणि न जुळणं फार सोपं आहे. ‘२६ इंची’ म्हणून विकले जाणारे टायर एकाच मापाचे नसतात. माउंटन सायकलचा २६ इंची टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमला, म्हणजे चाकाच्या कड्याला, बसतो, तर २६ × १ ३/८ असं लिहिलेला टायर ५९० च्या रिमला. उलट ७००सी आणि २९ इंची ही नावं वेगळी वाटतात, पण दोन्ही रिम ६२२ च्याच. म्हणून टायरच्या कडेवर ३७-६२२ असा जोड आकडा असतो तो वाचा. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचं माप. ट्यूब मागतानाही हाच आकडा सांगा आणि व्हॉल्व जाड, मोटारीसारखा की बारीक, तेही सांगा.

९. तक्रार करायची वेळ आली तर

आवाज चढवण्याआधी बिल, कार्ड आणि फोटो काढा. गर्दी नसताना जा. काय ठरलं होतं, काय झालं आणि तुम्हाला काय हवं, या क्रमाने बोला. ‘काय हवं’ हे लोक सांगतच नाहीत. पैसे परत, पुन्हा काम की भाग बदलून, यांतलं एक ठरवून जा. काउंटरवरचा मुलगा निर्णय घेऊ शकत नसेल तर त्याला फैलावर न घेता मालकाची वेळ मागा.

वॉरंटीबद्दल गैरसमज बरेच आहेत. टायर, ब्रेक पॅड, चेन यांची नेहमीची झीज तीत येत नाही. फ्रेमची वॉरंटी साधारणपणे पहिल्या मालकापुरती आणि बिल असेल तरच. निर्णय कंपनीचा असतो, दुकान मधला दुवा. त्यामुळे उशिराबद्दल दुकानदारावर चिडू नका, पण त्याने कागद कंपनीकडे कधी पाठवले हे मात्र विचारा. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने २०१२ ते २०१९ या काळातल्या, दोन तुकडे चिकटवून बनवलेल्या काही रोड क्रँकची तपासणी जाहीर केली, तेव्हा ती तपासणी विक्रेत्यांच्या दुकानांतूनच झाली. जुनी सायकल घेतलेल्यांनी क्रँकच्या आतल्या बाजूचा निर्मितीचा कोड बघून अधिकृत विक्रेत्याकडे विचारावं.

इतकं करूनही दुकान बदलायचंच ठरलं तर जुनी बिलं आणि कार्डं सोबत न्या. नव्या मेकॅनिकला आधीच्याची निंदा ऐकवू नका. चेन कधी बदलली, ब्रेकमध्ये कुठलं तेल आहे, चाकाचा आउट शेवटचा कधी काढला, एवढं सांगा. आणि तो पुढे काय विचारतो ते ऐका.